बाहेरून करावं की वर्गात बसावं?

"आमचा कोणाशी बोलत नाही हो. त्याला बाहेरूनच करू दे." बारावीचा निकाल लागला की रोहा-पेणच्या पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या ओटीवर हे वाक्य ऐकू येतंच. त्याच्या उलटं वाक्यही तितकंच ठरलेलं: "ही बडबडी. हिला कॉलेजच हवं, घरी बसली तर वेडी होईल." थोडक्यात, अबोलाने घरी आणि बोलक्याने वर्गात. ही वाटणी इतकी सरळ वाटते की तिच्यावर कोणी शंका घेत नाही. माझं म्हणणं असं की ती चुकीचा गुण धरून केलेली आहे, आणि बऱ्याचदा नेमकी उलटी पडते.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण निवडच नव्हती. आता ती खरोखर आहे. रोह्यात कोकण एज्युकेशन सोसायटीचं, डॉ. सी. डी. देशमुख यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय, अलिबागला जे.एस.एम., लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ, आणि रोज गाडी धरायची तयारी असेल तर पनवेल. ही झाली वर्गात बसायची ठिकाणं. दुसऱ्या बाजूला मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे. ते १९७१ मध्ये सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं 'आयडॉल' या नावाने ओळखलं गेलं. १९८५ चं इग्नू आहे, १९८९ चं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि आता तर प्रवेशापासून परीक्षेपर्यंत सगळं पडद्यावर होणाऱ्या पदव्याही आहेत. यूजीसीच्या लेखी मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी आणि वर्गातली पदवी सारख्याच मोलाच्या. त्यामुळे "बाहेरून केलेल्याला किंमत नाही" हा जुना धाक बराचसा गेला आणि "माझ्या स्वभावाला काय मानवेल?" हा प्रश्न पुढे आला. प्रश्न चांगला आहे. फक्त स्वभाव म्हणजे नेमकं काय, तिथे घोटाळा होतो.

आधी हे पाहू की बाहेरून शिकण्याची सोय मुळात कोणासाठी केली होती. रोह्याच्या महाविद्यालयावर ज्यांचं नाव आहे त्या चिंतामणरावांशी ही हकीकत जोडलेली आहे. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. लहानपण बरंचसं रोह्यात गेलं. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला ते पहिले आले. पुढे आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, यूजीसीचे अध्यक्ष. ते १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी तिथे पत्रव्यवहाराने बी.ए. करण्याची सोय सुरू झाली. भारतातल्या विद्यापीठांमधली ही पहिलीच. आखणी डी. एस. कोठारी यांच्या समितीने आधी केलेली होती, त्यामुळे सगळं श्रेय चिंतामणरावांना देणं बरोबर नाही. पण पोस्टाने पाठ पाठवून पदवी देणाऱ्या देशातल्या पहिल्या विद्यापीठाच्या त्या पहिल्या वर्षांत कुलगुरूच्या खुर्चीत रोह्यात वाढलेला माणूस होता, एवढं खरं.

ते पाठ पोस्टाने घेणारे विद्यार्थी कोण होते? नोकरीला लागलेले कारकून, शिक्षक, संसारात पडून शिक्षण सुटलेल्या बायका. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुली केली, तीही अशाच लोकांची सोय झाली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्यही ज्यांच्या घरापर्यंत कॉलेज कधी पोचलंच नाही त्यांना उद्देशून होतं. दूरशिक्षणाची सगळी घडण अशी प्रौढ माणूस डोळ्यांपुढे ठेवून झाली: हा विद्यार्थी स्वतःहून आला आहे, त्याला कशासाठी शिकायचं ते ठाऊक आहे, आणि वेळ काढणं हे त्याचं तो बघेल. अठरा वर्षांचा मुलगा या चौकटीत फार उशिरा आला. बाहेरून करणाऱ्यांच्या अडचणींचं अर्धं मूळ इथे आहे, असं मला वाटतं.

आता स्वभावाकडे. गेली तीस-चाळीस वर्षं मानसशास्त्रात माणसाचा स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजण्याची रीत रुळली आहे. एक पट्टी अंतर्मुख ते बहिर्मुख. दुसरी नेटकेपणाची, म्हणजे काम ठरलेल्या वेळी, कोणी मागे न लागता पूर्ण करण्याच्या सवयीची. तिसरी नव्या गोष्टींच्या ओढीची, चौथी मनमिळाऊपणाची, पाचवी काळजी करण्याच्या, मन लवकर अस्वस्थ होण्याच्या कलाची. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठे ना कुठे असतो आणि बहुतेक जण मध्याच्या आसपास असतात. "मी इंट्रोव्हर्ट आहे" असं छातीठोकपणे सांगणारी बरीच मुलं मोजली तर मधोमध भरतील.

यातली कोणती पट्टी परीक्षेतल्या यशाशी जुळते? ऑस्ट्रेलियातले आर्थर पोरोपाट यांनी २००९ मध्ये या विषयावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. सगळे मिळून सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थी होते. अंतर्मुख-बहिर्मुख या पट्टीचा गुणांशी संबंध जवळजवळ शून्य निघाला. नेटकेपणाचा मात्र ठळक निघाला. हुशारीचा गुणांशी जेवढा संबंध असतो, विद्यापीठाच्या पातळीवर साधारण तेवढाच. आणि तो हुशारीवर अवलंबून नव्हता. मध्यम हुशारीचा पण नेटका मुलगा पुढे जातो, हे शिक्षकांना आधीपासून माहीत असतं. इथे ते आकड्यांत दिसलं. चालढकलीवर पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये असाच मोठा आढावा घेतला. "उद्या करू" या सवयीचं सगळ्यांत घट्ट नातं त्यांना नेटकेपणाच्या अभावाशी आणि उतावळेपणाशी आढळलं. माणूस बोलका आहे की अबोल, याचा तिथेही फारसा पत्ता नव्हता.

तेव्हा पहिला प्रश्न "हा बोलतो का?" असा नसावा. "याला कोणी उठवलं नाही तर हा उठतो का?" असा असावा. वर्गात बसण्याचं मोठं मोल शिकवण्यात आहेच, पण त्याहून मोठं मोल वेळापत्रक दुसऱ्याने लावून दिलेलं असण्यात आहे. सकाळची गाडी आहे, तासाची घंटा आहे, ७५ टक्के हजेरीची अट आहे, जर्नलवर सही हवी आहे, टर्म संपायच्या आधी सबमिशन आहे. नेटकेपणा ज्याच्या अंगात कमी आहे त्याला कॉलेज तो उसना देतं. बाहेरून करणाऱ्याला तो स्वतःच्या खिशातून काढावा लागतो.

हे उसनं देणं किती उपयोगी पडतं, याचा एक छान प्रयोग आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डॅन एरिली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी नोकरी करत शिकणाऱ्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना सत्रात तीन निबंध लिहायला दिले. एका तुकडीला तिन्हींच्या तारखा सारख्या अंतराने ठरवून दिल्या. दुसऱ्या तुकडीला सांगितलं की तारखा तुम्हीच ठरवा, मात्र एकदा ठरवल्या की त्या बांधील. हवं तर तिन्ही शेवटच्या दिवशी द्या. बऱ्याच जणांनी आपण होऊन अलीकडच्या तारखा निवडल्या. स्वतःची खोड त्यांना माहीत होती. तरीसुद्धा बाहेरून तारखा लादलेल्या तुकडीचे गुण अधिक आले. ही मोठी, कमावती, जबाबदार माणसं होती. नुकत्याच बारावी झालेल्या मुलाकडून याहून जास्त अपेक्षा कशी करायची?

आणि जिथे कुठलंच बंधन नाही तिथे काय होतं ते फुकट ऑनलाइन अभ्यासक्रमांनी दाखवून दिलं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या 'एडएक्स'वरच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. यात नुसतं डोकावून जाणारेही आले, हे मान्य. तरीही जगातले नामवंत प्राध्यापक, उत्तम ध्वनिचित्रफिती, खर्च शून्य, आणि शेवटापर्यंत पोचणारे शंभरात तीन.

वयाचा मुद्दा इथे पुन्हा येतो. नेटकेपणा जन्मजात ठरलेला नसतो, वयाबरोबर वाढतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले, तेव्हा विशी ते चाळिशी या काळात हा गुण सरासरीने चांगलाच वर चढलेला दिसला. नोकरी, लग्न, घराचा हप्ता माणसाला वळण लावतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. धाटावच्या एमआयडीसीत काम करणारा तिशीतला ऑपरेटर मुक्त विद्यापीठाची पदवी चिकाटीने पुरी करतो आणि त्याचाच अठरा वर्षांचा पुतण्या तीच पुस्तकं पहिल्या वर्षी कपाटावर टाकतो, यात पुतण्या वाया गेला असं समजायचं कारण नाही. एकोणतिसाव्या वर्षी तोही कदाचित काकासारखाच होईल. आज नाहीये, इतकंच. वॉशिंग्टन राज्यातल्या सामुदायिक महाविद्यालयांच्या चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांची नोंद तपासणाऱ्या दी शू आणि शॅना जॅगर्स यांनाही २०१४ मध्ये हेच दिसलं. ऑनलाइन अभ्यासक्रमात घसरण जवळपास सगळ्यांची होते, पण तरुण मुलं, त्यातही मुलगे, आणि ज्यांचे गुण आधीच कमी आहेत ते जास्त घसरतात. वयाने मोठे विद्यार्थी बरेचसे टिकतात.

आता त्या न बोलणाऱ्या मुलाकडे येऊ, कारण सगळ्यांत मोठी चूक त्याच्याबाबतीत होते. न बोलणारे दोन प्रकारचे असतात आणि घरचे ते एकत्र करून टाकतात. एकाला एकटेपणा आवडतो. माणसांत गेला तरी त्याला भीती वाटत नाही, फक्त थकवा येतो. दुसऱ्याला माणसं हवी असतात पण भीती वाटते, जीभ उचलत नाही. पहिला अंतर्मुख, दुसरा लाजाळू.

पहिल्याला बाहेरून शिकणं खरंच मानवू शकतं, अर्थात नेटकेपणाची अट पाळून. तो पुस्तक घेऊन दोन तास बसू शकतो. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान थांबवून, मागे नेऊन ऐकतो. वर्गात पटकन उत्तर द्यावं लागतं ते त्याला जमत नाही, पण लिहून विचारायला सांगितलं तर विचार करून नेमकं लिहितो.

दुसऱ्याचं तसं नाही. लाजाळू मुलाला वर्गात न विचारता पुष्कळ काही मिळत असतं. त्याच्या मनातली शंका पुढच्या बाकावरची मुलगी विचारते. प्रश्न एकीने विचारला, उत्तर साठ जणांना मिळालं. सर फळ्याकडे पाठ करून "हे बघून ठेवा" म्हणतात तेव्हा परीक्षेत काय येणार ते कळतं. परीक्षेच्या फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर नसली तरी जिन्यात कोणीतरी बोलताना कानावर पडते. चेहरा गोंधळलेला दिसला तर एखादी शिक्षिका आपण होऊन विचारते, "कळलं नाही का रे?" दूरशिक्षणात यातलं काहीच आपोआप होत नाही. तिथे प्रत्येक गोष्ट मागावी लागते. अभ्यासकेंद्रावर फोन लावायचा, तिथल्या माणसाला दोनदा विचारायचं, शेकडो लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला अडाणी वाटणारा प्रश्न टाकायचा, पुस्तकं आली नाहीत तर तक्रार करायची, रविवारच्या संपर्क सत्राला अनोळखी माणसांत जाऊन बसायचं. जे लाजाळू मुलाला सगळ्यांत जड जातं, तेच इथे रोज करावं लागतं.

दूरशिक्षणाचा अभ्यास करणारे मायकेल मूर यांनी याची मांडणी फार पूर्वी केली. त्यांच्या मते अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती होतो, अभ्यासक्रम किती ताठ आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या पायांवर किती उभा आहे, या तिन्हींवर ते ठरतं. संवाद कमी झाला की स्वावलंबन तितकं जास्त लागतं. रोह्यापासून मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे, पण जो फोन उचलून विचारतो त्याला ते जवळ आहे. जो विचारत नाही त्याला गावातलं अभ्यासकेंद्रही लांब.

या हिशेबाने पाहिलं तर ती बडबडी मुलगी बाहेरून करताना कदाचित जास्त चांगली निभावेल. ती केंद्रावरच्या क्लार्कला नावाने ओळखेल, गेल्या वर्षीच्या ताईकडून नोट्स आणेल, तारीख बदलली तर सगळ्यांत आधी तिला कळेल. तिला एकटेपणा टोचेल, हेही खरं, आणि त्याची किंमत कमी लेखू नये. पण पदवी पुरी होण्याच्या दृष्टीने ती अबोल भावापेक्षा सुरक्षित आहे. मुलग्यांचे आकडे जास्त घसरतात ते याचमुळे, असं मी ठामपणे म्हणणार नाही. मात्र "मला समजलं नाही" हे म्हणायला आपल्याकडे मुलग्यांना जास्त जड जातं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारून पाहावं.

लाजण्याच्याही पलीकडे एक अवस्था असते. वर्गात जायच्या नुसत्या कल्पनेने छातीत धडधड, हातपाय गार, आठवडेच्या आठवडे घराबाहेर न पडणं. हा स्वभाव नव्हे, त्रास आहे, आणि त्यावर उपचार असतात. अशा वेळी बाहेरून प्रवेश घेतला की तात्पुरतं बरं वाटतं, पण टाळलेली भीती टाळत राहिल्याने वाढते. तिथे कोर्स निवडण्याआधी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलणं महत्त्वाचं. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की ऑनलाइनचा दोष कसला, दोष आपल्या रेंजचा आणि जुन्या मोबाइलचा. काही अंशी खरं. पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत हा खुलासा आपोआप तपासला गेला. तिथले विद्यार्थी एकाच आवारात राहतात, इंटरनेट सगळ्यांना एकच, शिस्त तर लष्करीच. कोविडच्या त्या सत्रात अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला कोणी वर्गात बसायचं आणि कोणी पडद्यावर, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवण्यात आलं. पडद्यावरच्यांचे अंतिम गुण कमी आले. फरक प्रचंड नव्हता, पण होता, आणि तो मुख्यतः आधीच मागे असलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. त्याआधी २०१३ मध्ये डेव्हिड फिग्लिओ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अशाच प्रयोगातही वर्गाचं पारडं किंचित जड होतं, आणि फायदा मुख्यतः मुलग्यांना व कच्च्या विद्यार्थ्यांना झाला होता. हुशार आणि नेटक्या मुलाला कुठेही बसवा, तो शिकतो. निवडीचा खरा परिणाम मधल्या आणि मागच्या बाकांवर होतो.

आपल्याकडे अर्थात रेंज आणि वीज हे विषय सोडून चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, माणगाव, रोहा या तालुक्यांत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. राज्यभर ऑनलाइन शिक्षणाच्या योजना आखल्या जात होत्या तेच हे दिवस. त्या जूनमध्ये एखाद्या चणेऱ्याकडच्या मुलाला "तुझ्या व्यक्तिमत्त्वाला कोणती पद्धत मानवते?" असं विचारणं चेष्टा ठरली असती. आज परिस्थिती सुधारली आहे, पण डोंगराच्या आड गेलं की मोबाइलवरच्या दांड्या अजूनही गळतात. अशा गावात राहणाऱ्याने छापील पुस्तकांवर चालणारा दूरस्थ अभ्यासक्रम आणि थेट पडद्यावर चालणारा ऑनलाइन अभ्यासक्रम यांत फरक करावा. दोन्हींना लोक एकाच दमात 'बाहेरून' म्हणतात, पण पहिल्याला दिवा पुरतो आणि दुसऱ्याला रोज डेटा लागतो.

विजेपेक्षाही घर महत्त्वाचं. घरात बसून शिकणारी मुलगी 'घरीच आहे' असं धरलं जातं. पाहुणे आले की चहा तिने करायचा, आजीला दवाखान्यात तिने न्यायचं, भाताची लावणी सुरू झाली की मोबाइल बाजूला. तिचा नेटकेपणा कितीही असो, तिचे तास तिच्या हातात नसतात. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला निदान सकाळी सात ते दुपारी दोन घराबाहेर राहण्याचं सर्वमान्य कारण असतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा उपयोग इथे मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. मुलीला बाहेरून बसवण्याचं कारण 'तिचा स्वभाव शांत आहे' असं सांगितलं जात असेल, तर ते खरंच तिच्या स्वभावाचं आहे की घराच्या सोयीचं, हे एकदा तिलाच, इतर कोणी खोलीत नसताना, विचारावं.

उलट बाजूही नीट मांडली पाहिजे. वर्ग म्हटला की तो भरलेला असतो असं नाही. नाव रेग्युलरला, हजेरी कागदावर, आणि मुलगा प्रत्यक्षात दुकानात, हा प्रकार कुठल्या तालुक्याला नवा नाही. असा 'रेग्युलर' खरं तर बाहेरूनच करत असतो, फक्त दूरशिक्षणाची पुस्तकं त्याला मिळालेली नसतात. ज्याचं काम खरोखरच वर्गाच्या वेळेत येतं त्याने उगाच खोटी हजेरी लावू नये. धाटावला आठवड्याला पाळी बदलणारा कामगार आणि सकाळचं कॉलेज यांची गाठ पडणार नाही. पेणजवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. मूर्ती जवळजवळ वर्षभर घडतात, पण कामाचा जोर पावसाळ्यात, भाद्रपदाच्या आधी, आणि कॉलेज उघडतं तेही तेव्हाच. आखणी करणारा, डोळे रंगवणारा मुलगा ऐन हंगामात बाकावर बसला तर वर्षाची कमाई जाते. त्याला दूरशिक्षण हाच शहाणपणाचा मार्ग. आणि कारखान्यात ठरल्या तारखेला मूर्ती पोचवण्याची सवय असलेला हा मुलगा नेटकेपणात कॉलेजच्या निम्म्या वर्गाला मागे टाकेल.

प्रवासाचं गणितही आहेच. दिवा-रोहा गाडीने नागोठणे, कासू, पेण करत पनवेलकडे रोज जाणाऱ्यांचे दिवसाचे तीन-चार तास रुळांवर जातात. गाड्या मोजक्या, एक चुकली की पहिला तास गेला. मुंबई-गोवा महामार्गाविषयी रायगडच्या माणसाला मी वेगळं काय सांगणार? काही जण डब्यातच अभ्यास करतात, काहींची पुढची दोस्ती त्याच डब्यात होते. ज्याची प्रकृती हे सोसत नाही त्याने पनवेलच्या मोठ्या कॉलेजापेक्षा रोह्या-पेणचं जवळचं कॉलेज निवडावं, असा माझा कल आहे. मध्ये मार्ग असताना एकदम घरी बसण्याची उडी मारायची गरज नसते.

त्या मधल्या मार्गाचं एक उदाहरण रोह्याशीच जोडलेलं आहे, जरी ते विद्यापीठातलं नाही. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यात झाला. त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिचित्रफिती गावोगावच्या केंद्रांत ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र बसून पाहण्याची पद्धत आहे. शिकवणारा दूर, पण ऐकणारे शेजारी आणि वेळ पक्की. विचार पटोत न पटोत, रचना पाहण्यासारखी आहे. हेच दूरशिक्षणाच्या पाच-सहा मुलांनी गावातल्या अभ्यासिकेत केलं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी एक व्याख्यान एकत्र पाहायचं आणि लगेच त्यावर दोन प्रश्न सोडवायचे असं ठरवलं, तर उसना नेटकेपणा कॉलेजशिवायही मिळतो आणि लाजाळू मुलाला न विचारता ऐकण्याची जागाही. कॉलेजमधल्या मुलांसाठीही नियम सैल झाले आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार संस्थेची तयारी असेल तर एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या सरकारी मंचावरून ऑनलाइन करता येतात. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी आहे, म्हणजे एक वर्गात बसून आणि दुसरी बाहेरून हेही चालतं.

आपला मुलगा किंवा मुलगी यातल्या कुठे बसते हे कसं ओळखायचं? मोबाइलवरच्या 'तुमचं व्यक्तिमत्त्व ओळखा' छापाच्या चाचण्यांवर विसंबू नये. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी प्राध्यापकांनी आपल्या वर्गाची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं वर्णन' म्हणून कागद दिला. मुलांनी वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांचा एकच होता. आपल्या राज्य मंडळानेही २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. तिने मुलाचा कल वाणिज्याकडे की कलेकडे हे सांगायचा प्रयत्न केला, तो अभ्यास कसा करतो हे तिचं क्षेत्र नव्हतं. त्यापेक्षा घरातला पुरावा बरा. बारावीचं जर्नल कधी पूर्ण झालं, महिनाभर आधी की आदल्या रात्री, मित्राचं उतरवून? शिकवणी बंद असलेल्या आठवड्यात वही उघडली होती का? एखादी गोष्ट अडली तेव्हा कोणाला विचारलं, आणि किती दिवसांनी?

याहूनही चांगली परीक्षा म्हणजे सुट्टीतच 'स्वयम्'वरचा एखादा अभ्यासक्रम घेणं. शिकायला पैसे पडत नाहीत, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेची. घरच्यांनी एकदाही आठवण करायची नाही अशी अट घालावी, आणि चार आठवड्यांनी किती व्याख्यानं पाहून झाली, किती गृहपाठ भरले ते पाहावं. तेवढ्यात उत्तर मिळतं.

बाहेरून जायचंच ठरलं तर दोन-तीन गोष्टी पक्क्या कराव्या. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा अशा पदव्या या मार्गाने देता येत नाहीत. कोणी देतो म्हणत असेल तर तिथून उठावं. विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतं, आणि आता प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा 'डेब आयडी'ही काढावा लागतो. यूजीसीच्या वेळापत्रकात दूरशिक्षणाचे प्रवेश जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे वर्षातून दोनदा ठेवण्याची सोय आहे, सगळ्या अभ्यासक्रमांना दोन्ही हंगाम मिळतातच असं नाही. तेव्हा जूनमध्ये गोंधळ असेल तर आधी जवळच्या कॉलेजात नाव घालून दिवाळीपर्यंत बसून पाहावं. नाहीच जमलं, तर जानेवारीतल्या प्रवेशाची चौकशी कॉलेज सोडण्याच्या आधी करावी, नंतर नव्हे.